वाचकांचे प्रश्न : पाण्यावरचे साहस आणि काठावरची तयारी

पावसाळा सरून कोकणातील जलक्रीडा पुन्हा सुरू होऊ लागल्या, की या सदराकडे पाण्याविषयीची पत्रे वाढतात. बहुतेक पत्रांत एकच काळजी असते: पाण्यात काही झाले तर काय करायचे? माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्यात उतरण्याआधी काय पाहायचे आणि कोणाला काय विचारायचे हा आहे, कारण बहुतेक अपघातांचे मूळ काठावरच्या घाईत सापडते. पुढील उत्तरांचा भर त्यामुळे काठावर आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील वीस जण नोव्हेंबरमध्ये कोलाडला राफ्टिंगसाठी जाणार आहेत. मला पोहता येत नाही. आयोजक म्हणतात, पोहता येण्याची गरज नाही. सहकाऱ्यांसमोर नाही म्हणायला संकोच वाटतो. मी जावे का? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : पोहता न येणाऱ्यालाही राफ्टिंग करता येते, हे खरे आहे, मात्र ते लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि गाईड या तिघांच्या भरवशावर खरे आहे आणि त्यांतील एक जरी कच्चा निघाला तरी ते खरे राहत नाही. कोलाडच्या कुंडलिका नदीला पावसाळा संपल्यावरही पाणी असते, कारण मुळशीच्या जलाशयातील पाणी बोगद्यांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीजनिर्मितीनंतर या नदीत सोडले जाते. हे पाणी सकाळी सोडले जाते, म्हणूनच तेथे राफ्टिंग सकाळी चालते. पाण्याच्या खळखळाटाच्या, म्हणजे रॅपिडच्या, एक ते सहा अशा श्रेणी मानल्या जातात आणि कोलाडचे बहुतेक रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडतात. नवख्या माणसाला हे झेपते. तरीही पाणी रोज सारखे नसते, म्हणून त्या दिवशी पाणी किती सोडले आहे, हे गाईडला विचारण्यात गैर काही नाही.

आता जॅकेटविषयी. माणसाचे शरीर पाण्यात बरेचसे आपोआप तरंगते. प्रौढ व्यक्तीला तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी जेमतेम चार-पाच किलोंचा आधार लागतो आणि तेवढा आधार चांगल्या स्थितीतील जॅकेट सहज देते. अडचण येते ती जॅकेट ढिले असल्यामुळे. पाण्यात पडल्यावर ढिले जॅकेट वर सरकते आणि माणूस त्याच्या खाली लोंबकळतो. म्हणून सर्व बक्कले लावून, पट्टे ओढून झाल्यावर सोबतच्या व्यक्तीला जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगावे. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकले, तर ते पुन्हा आवळावे किंवा लहान मापाचे मागून घ्यावे. बक्कल तुटल्यामुळे पट्ट्याला गाठ मारलेली असेल किंवा आतील फोम दबून चपटा झाला असेल, तर ते जॅकेट मुकाट्याने परत करावे. वीस जणांची रांग मागे खोळंबली तरी चालेल.

राफ्टवर बसल्यावर वल्ह्याच्या वरच्या टोकाची टी-आकाराची मूठ तळहाताने झाकून धरावी. ही बाब क्षुल्लक वाटते, पण राफ्टवर होणाऱ्या दुखापतींत दात पडणे आणि ओठ फाटणे ही नेहमीची आहेत आणि ती शेजाऱ्याच्या मोकळ्या सुटलेल्या मुठीमुळे होतात. गाईडच्या सूचनांचा सराव संथ पाण्यात करून घेतला जातो. तो वरवर उरकला जात असेल, तर पुन्हा करून घ्यायला सांगावे. राफ्टवर फेकण्याचा दोर, म्हणजे थ्रो बॅग, आहे ना आणि सोबत बचावासाठी कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी निमुळती होडी, चालणार आहे ना, हेही पाहून घ्यावे.

पाण्यात पडलातच, तर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पावले पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवावीत आणि समोर येणाऱ्या खडकाला पायांनी रेटून स्वतःला बाजूला करावे. वाहत्या पाण्यात पाणी गुडघ्याच्या वर असताना उभे राहण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. पाय दोन खडकांमध्ये अडकला, की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे पालथा पाडतो आणि जॅकेट अंगावर असूनही तोंड पाण्याखाली राहते. पोहता येणारी माणसे ही चूक अधिक करतात, कारण तळाला पाय लागला की आपण सुटलो, असे त्यांना वाटते. दोर फेकला गेल्यास दोर धरावा, हाताला गुंडाळू नये, आणि तो छातीशी धरून पुन्हा उताणे व्हावे.

राहिला प्रश्न संकोचाचा. भीती वाटत असेल, तर ती गाईडला निघण्यापूर्वीच सांगावी. चांगला गाईड आपल्याला स्वतःच्या जवळ बसवतो. सर्व पाहून-ऐकूनही मन घेत नसेल, तर काठावर थांबावे. पैसे भरले म्हणून उतरलेच पाहिजे, असे बंधन पाण्याच्या बाबतीत कोणीही मानू नये.

प्रश्न : मी तरण तलावात रोज एक किलोमीटर पोहतो. समुद्रावर मला जॅकेटची सक्ती कशासाठी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तलावात लाट नसते, ओढ नसते आणि बोटीची कड डोक्याला लागत नाही. जॅकेट बेशुद्ध झालेल्या, हात दुखावलेल्या किंवा दम लागलेल्या माणसासाठी असते, आणि त्या स्थितीत उत्तम पोहणाऱ्याचीही विद्या उपयोगी पडत नाही. ते घालावे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मालवणला कुटुंबासह स्कूबा करण्याचा बेत आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि पत्नीला दम्याचा त्रास आहे. पंप क्वचितच लागतो. सकाळी स्कूबा करून त्याच दिवशी आंबोलीमार्गे सांगलीला परतायचे आहे. काही खबरदारी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रात तीन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि तिन्ही बाबतींत मला बेत बदलायला सांगावे लागत आहे.

मुलाचे वय अडसर ठरते. पॅडी या स्कूबा-प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार समुद्रातील पहिल्या अनुभव-डुबकीसाठी किमान वय १० वर्षे आहे. वय सांगायचे नाही किंवा वाढवून सांगायचे, असा सल्ला किनाऱ्यावर कोणी देत असेल, तर त्या माणसाकडे स्वतःही डुबकी मारू नये. मुलाला त्याच्या मापाचे जॅकेट घालून, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर, उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत खाली पाहणे, करू द्यावे. मालवणच्या खडकांवरील मासे वरूनही छान दिसतात.

पत्नीच्या दम्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. स्कूबामध्ये नळकांड्यातून येणारी हवा कोरडी आणि थंड असते आणि कधी खारे पाणीही श्वासात जाते. दोन्हींमुळे श्वासनलिका आकसू शकतात. जमिनीवर अशा वेळी माणूस बसतो, पंप घेतो. पाण्याखाली त्याला वर यावे लागते, आणि धोका त्या वर येण्यातच असतो. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे अवघ्या ५ मीटरवर तो पृष्ठभागाच्या दीडपट असतो. तेथे नळकांड्यातून घेतलेला चार लिटरचा श्वास कोंडून कोणी वर आले, तर तीच हवा पृष्ठभागाशी सहा लिटर होऊ पाहते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम याच कारणासाठी आहे, मग डुबकी कितीही उथळ असो. आकसलेल्या श्वासनलिकांमागे हवा आपोआप अडकून पडते आणि माणसाने श्वास रोखला नसला तरी परिणाम तोच होतो. म्हणून छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसांची तपासणी करून लेखी परवानगी मिळाल्याखेरीज त्यांनी डुबकी मारू नये. हृदयविकार, फेफरे किंवा पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झालेली असणे, यांतही त्या-त्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीखेरीज उतरू नये; गर्भावस्थेत किंवा त्या दिवशी सर्दीने नाक चोंदलेले असताना तर डुबकी मारूच नये.

आरोग्याचा अर्ज बोटीत, हेलकाव्यांत, सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून सही करण्यासाठी नसतो. तो किनाऱ्यावर मागून घ्यावा, शांतपणे वाचावा आणि खरा भरावा. असा अर्जच नसेल, तर ती जागा सोडावी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे, त्यामुळे रीतसर काम कसे चालते, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागणार नाही.

आपण स्वतः उतरणार असाल, तर कानांकडे लक्ष द्यावे. खाली जाताना कान दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकावी. कान मोकळा झाला नाही, तर प्रशिक्षकाला खूण करून थोडे वर यावे. जोर लावून फुंकू नये. सूचना देणाऱ्याची भाषा आपल्याला कळते ना आणि एक प्रशिक्षक एका वेळी एकाच पाहुण्याला सांभाळणार आहे ना, याची खात्री करावी.

आता घाटाविषयी. दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि ऊतींत जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. एका साध्या डुबकीनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असे गोताखोरांसाठीचे मार्गदर्शन सांगते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. विमानाच्या मानाने ही उंची थोडी आहे आणि पाच-सहा मीटरच्या अनुभव-डुबकीनंतर धोकाही अल्प असतो. तरीही मुक्काम एका रात्रीने वाढवावा, असेच मी सांगेन. चिपी किंवा मोपा येथून त्याच संध्याकाळचे विमान धरणाऱ्यांनी मात्र बारा तासांचा नियम कसोशीने पाळावा.

एक गोष्ट आपण विचारली नसली तरी सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. डुबकी झाली, म्हणजे दिवसाचे अवघड काम संपले, असे समजून परतीच्या वाटेवर लोक जॅकेट काढून फोटो काढत बसतात. किनाऱ्याच्या वाळूवर पाय टेकेपर्यंत जॅकेट अंगावर असू द्यावे आणि बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरली जात असतील, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

प्रश्न : पॅरासेलिंग आणि बनाना राइड करण्यापूर्वी सामान्य माणसाने नेमके काय तपासावे? आम्हाला यंत्रांतले काही कळत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : पॅरासेलिंगमध्ये माणसाला पॅराशूटला बांधून, दोराने ओढत आकाशात नेतात. त्यासाठी यंत्रांतले कळण्याची गरज नाही, दोर, वारा आणि कागद या तीन गोष्टी कोणालाही पाहता येतात.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर पॅरासेलिंग करणाऱ्या एका जोडप्याचा दोर तुटला. ते समुद्रात पडले आणि अंगावर जॅकेट असल्यामुळे वाचले. मीठ, ऊन आणि घर्षण यांनी दोर आतून कमजोर होत जातो. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरला जात असेल, तर तेवढे पाहूनच परत फिरावे. साध्या गाठीमुळे दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. धागे पिंजलेले, रंग उडून कडक झालेले किंवा कमरपट्ट्याची शिवण उसवलेली असेल, तरी तोच निर्णय घ्यावा. बोटीच्या मागच्या फलाटावरून, यंत्राने दोर सोडत आणि गुंडाळत होणारे पॅरासेलिंग वाळूवरून गाडीने किंवा बोटीने ओढून होणाऱ्या प्रकारापेक्षा मी अधिक विश्वासार्ह मानतो, कारण त्यात पडण्याची जागा पाणी असते. झाडे, तारा किंवा टपऱ्या नसतात.

वाऱ्याचे गणित आपण शाळेत शिकलेलो आहोत. दिवसा जमीन तापली, की समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो. म्हणून सकाळची वेळ निवडावी. समुद्रावर फेसाळ लाटा सर्वदूर दिसत असतील, वारा झटक्याझटक्याने येत असेल किंवा क्षितिजावर काळे ढग असतील, तर त्या दिवशी आकाशात जाऊ नये.

बनाना राइडमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या तराफ्यावर, शेवटी मुद्दाम उलटवण्याची प्रथा पडली आहे. ज्यांना ते नको असेल, त्यांनी निघण्यापूर्वीच चालकाला स्पष्ट सांगावे आणि त्याच्या तोंडून होकार घ्यावा. उलटण्याच्या वेळी माणसांची डोकी एकमेकांवर आपटतात. मान-पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी हा प्रकार टाळलेलाच बरा. पाण्यात पडल्यावर ओढणाऱ्या बोटीकडे पोहत जाऊ नये. तिचा पंखा थांबेपर्यंत जागीच तरंगावे. चालकाशिवाय मागे तोंड करून पाण्यातल्या माणसांवर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस बोटीत असायला हवा.

कागदांचे म्हणाल, तर बोटीचा परवाना आणि प्रवासी विमा यांची विचारणा करावी. राज्यात बोटींच्या परवान्यांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरणही जाहीर झाले आहे आणि गोव्यातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटरस्पोर्ट्स ही केंद्र सरकारची संस्था चालकांना प्रशिक्षण देते. नियमाने काम करणारा माणूस हे कागद अभिमानाने दाखवतो. तो विचारल्यावर चिडला, तर आपल्याला उत्तर मिळाले.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी फुगवण्याचे कयाक घेतले आहे. अलिबागजवळच्या खाडीत स्वतःच फिरण्याचा विचार आहे. खाडीचे पाणी शांत असते, हे खरे ना? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : खाडी शांत दिसते, कारण तिची हालचाल आडवी असते. ओहोटी लागली, की खाडीतले सगळे पाणी मुखाकडे धावते आणि मुखाशी, जेथे पात्र अरुंद होते, तेथे ते सर्वांत वेगाने वाहते. हलके कयाक त्या ओढीला तोंड देऊ शकत नाही. म्हणून भरतीच्या वेळा ठाऊक असल्याखेरीज निघू नये. मुंबई-अलिबागच्या बाजूला जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे अधिकृत तक्ते पाहावेत आणि कोळीवाड्यातल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे आगेमागचे दिवस नवख्यांनी सोडून द्यावेत. भरती लागत असताना आत जाऊन, ओहोटीचा जोर येण्यापूर्वी काठाला लागावे.

फुगवण्याचे कयाक वाऱ्याने पानासारखे भरकटते. धरणांच्या जलाशयांवर तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा काही मिनिटांत उठतो. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. कयाक उलटले, तर त्याला धरून राहावे. किनारा जवळ दिसतो म्हणून ते सोडून पोहत निघणे ही फार मोठी चूक ठरते, कारण तरंगते कयाक शोधणाऱ्यांना दुरून दिसते आणि माणसाचे डोके दिसत नाही. जॅकेटला शिटी बांधावी, फोन जलरोधक पिशवीत अंगाशी बांधावा आणि किती वाजता परतणार, हे काठावरच्या एका जबाबदार माणसाला सांगून निघावे.

प्रश्न : जूनमध्ये काही ठिकाणी गुपचूप बोटी काढल्या जातात. सवलतही मिळते. जावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जाऊ नये. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात आणि ती बंदी समुद्र पाहून घातलेली असते. त्या काळात मासेमारीवर पोट असलेली माणसेही होड्या वर ओढून ठेवतात.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या गावच्या किनाऱ्यावर बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर लोकांनी त्याला उलटे धरून गरगर फिरवले, पोट दाबून पाणी काढले. तो वाचला नाही. हे बरोबर होते का? मन अजून स्वस्थ नाही. (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. त्या लोकांनी जे केले ते मूल वाचावे म्हणूनच केले आणि त्यांनी दुसरे काही केले असते तर मूल नक्की वाचले असते, असे कोणी सांगू शकत नाही. हे आपण मनाशी धरावे. पण ती पद्धत चुकीची आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. बुडालेल्या माणसाला तातडीने हवा असतो तो प्राणवायू. त्याच्या फुप्फुसांत पाणी बहुधा थोडेच असते; पोट दाबल्यावर बाहेर येते ते पोटातले पाणी, आणि उलटीबरोबर ते श्वासनलिकेत जाण्याचीच भीती असते. श्वास बंद पडल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि गरगर फिरवण्यात तीच मिनिटे जातात.

माणसाला कठीण, सपाट जागी उताणे ठेवावे. हाक मारून आणि छाती हलते का हे पाहून दहा सेकंदांत अंदाज घ्यावा आणि दुसऱ्या कोणाला तरी ११२ किंवा १०८ वर फोन करायला सांगावे. श्वास नसेल, तर डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. छाती वर उठताना दिसली पाहिजे. त्यानंतर छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ३० वेळा दाबावे, प्रौढ माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके, मिनिटाला १०० ते १२० या गतीने; मग पुन्हा दोन श्वास. लहान मुलासाठी एक हात पुरतो. तोंडाशी फेस येत असेल, तर तो पुसत बसू नये. उलटी झाली, तर कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत राहते, दोन्ही हात बाजूंना पाणी दाबत राहतात आणि आवाज निघत नाही. हे सारे मिनिटाभरातही संपू शकते. असे कोणी दिसल्यास पोहत जाऊन मिठीत सापडण्यापेक्षा काठावरून दोर, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी. आपल्या गावच्या किनाऱ्यावर अशी एक ट्यूब आणि तीस-चाळीस हात दोर कायम टांगून ठेवता येईल. ग्रामपंचायतीला तो खर्च जड नाही. त्याच फलकावर ११२ आणि १०८ सोबत सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांकही मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगून गावातल्या तरुणांना एकदा हे श्वास आणि छाती दाबण्याचे तंत्र प्रत्यक्ष करून दाखवायला लावावे.